अकरा जणांचा सर्व्हर: स्वतःचं सोशल नेटवर्क स्वतः चालवायचं तर

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या फुटबॉलवेड्या अकरा जणांचा स्वतःचा एक सर्व्हर आहे, म्हणजे इंटरनेटला कायम जोडलेला एक कॉम्प्युटर, आणि त्यावर आमचं छोटं सोशल नेटवर्क चालतं. शाहू स्टेडियमवर सामना संपला की पंचाचा निर्णय बरोबर की चूक यावरून तिथं रात्री दीडपर्यंत रण माजतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर हसत भेटतात. अकरा हा आकडा ठरवून आलेला नाही. बाराव्यानं विचारलं तेव्हा त्याला राखीव खेळाडू म्हणून घ्यायचं ठरलं. तो अजून रुसलेला आहे.

हे सगळं उभं करताना मी दोनदा सपशेल तोंडावर आपटलो. त्यामुळे हा लेख ज्यांनी सर्व्हर कधी बघितलेला नाही, पण फोनवर आणि कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी हात बसलेला आहे, त्यांच्यासाठी आहे. एक शनिवार-रविवार पुरतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: हे काम अवघड वाटतं, कारण लोक पहिल्याच दिवशी हजार माणसांची सोय करायला बसतात. दहा जणांची करा, निम्म्या अडचणी दाराबाहेरच राहतात.

आधी तालीम समजून घ्या

मॅस्टोडॉन, पिक्सेलफेड, पीअरट्यूब, लेमी ही नावं तुम्ही ऐकली असतील. स्वतःच्या सर्व्हरवर सोशल नेटवर्क चालवायची ही सॉफ्टवेअरं. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून ट्विटरवर रागावलेल्यांचा एक लोंढा तिकडं गेला, आणि २०२२ च्या अखेरीस ट्विटर एलॉन मस्कच्या हातात गेल्यावर जगभरातून त्याहून मोठा लोंढा आला. या सगळ्यांना मिळून फेडिव्हर्स म्हणतात.

कोल्हापूरकराला हे समजावणं सोपं आहे. प्रत्येक पेठेची आपली तालीम, आपला संघ, आपली जर्सी. कोणाला संघात घ्यायचं, कोणाला बाकावर बसवायचं, हे ज्याची तालीम त्यानं ठरवायचं. पण मैदानावर उतरले की खेळाचे नियम सगळ्यांना एकच. फेडिव्हर्सचा हा नियम म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमनं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, जानेवारी २०१८ मध्ये त्याला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. तो पाळणारा कुठलाही सर्व्हर दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरशी बोलतो. तुमच्या सर्व्हरवरून जर्मनीतल्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करता येतं, तो तुम्हाला उत्तर देतो, आणि मध्ये कुठली कंपनी नसते.

एका ठिकाणी हा दाखला तुटतो. आपल्याकडं स्पर्धा भरवायला असोसिएशन असते, इथं ती नाही. एखादा संघ घाण खेळत असेल तर त्याच्याशी न खेळण्याचा निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा. त्यावर पुढं येतो.

कोणासाठी, हे कागदावर लिहा

एकट्यासाठी? मित्रांसाठी? शाळेच्या बॅचसाठी? की गावासाठी खुला? पहिल्या तीनपैकी काही असेल तर पुढं वाचा. चौथं असेल तर आधी वर्षभर पहिल्या तीनपैकी एक करा, मग बघू.

तुमची आधीच वर्डप्रेसवर वेबसाइट असेल तर बाकीचा लेख सोडून दिलात तरी चालेल. वर्डप्रेससाठी ॲक्टिव्हिटीपब नावाचं प्लगइन आहे. ते चालू केलं की तुमच्या साइटलाच फेडिव्हर्सवरून फॉलो करता येतं, आणि नवा लेख आपोआप फॉलोअरांकडं पोचतो. एकट्या लेखकाला याहून स्वस्त रस्ता मला माहीत नाही.

नाव: इथं घाई केली की आयुष्यभर भोगा

तुमची ओळख ईमेलसारखी असते: वापरकर्त्याचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग डोमेन, म्हणजे सर्व्हरचं इंटरनेटवरचं नाव. दुसऱ्या सर्व्हरांच्या वहीत तुम्ही याच पत्त्यानं नोंदले जाता. त्यासोबत तुमच्या खात्याची एक डिजिटल किल्लीही असते, आणि तुमची प्रत्येक पोस्ट तिच्या सहीनं बाहेर जाते. सर्व्हर चालू होऊन एकदा बाहेरच्यांशी बोलायला लागला की डोमेन बदलता येत नाही. बदललं तर तुम्ही जगाच्या दृष्टीनं नवा माणूस.

मी पहिलं डोमेन ९९ रुपयांच्या ऑफरमध्ये घेतलं होतं. शेवटाला कसलंतरी चित्रविचित्र एक्स्टेन्शन. दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण दहापटीच्या वर निघालं. त्यामुळे घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. साधं डॉट इन चांगलं. ते भारताचं आहे, भाव फार उड्या मारत नाही.

देवनागरी डोमेनचा, म्हणजे डॉट भारतचा, मोह मलाही झाला होता. हौस म्हणून घ्या, पण सर्व्हरला ते लावू नका. आतल्या आत त्याचं रोमन अक्षरांच्या एका विचित्र लडीत रूपांतर होतं आणि काही ॲपांत तुमच्या नावापुढं तीच लड दिसते. मॅस्टोडॉनवर तर वापरकर्त्याचं नावही रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषेतच चालतं. दाखवायचं नाव मात्र बिनधास्त मराठीत ठेवा.

आणखी एक सल्ला. मुख्य डोमेनवर सर्व्हर बसवू नका, त्याखाली सोशल किंवा कट्टा असं उपडोमेन करा आणि तिथं बसवा. उद्या मुख्य नावावर मंडळाची वेबसाइट करावीशी वाटली तर जागा मोकळी राहते.

जागा: दुकानातला कॉम्प्युटर की भाड्याचा सर्व्हर

माझा पहिला सर्व्हर व्हीनस कॉर्नरजवळ मामांच्या दुकानात होता. जुना डेस्कटॉप, टेबलाखाली, जमिनीवर. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा चढायला लागली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या पोरालाही पाठ असतं. मलाही होतं. आम्ही दुकानातला माल माळ्यावर टाकला, हिशेबाच्या वह्या घरी आणल्या, आणि सर्व्हर कोणाच्या लक्षातच आला नाही. माझ्याही. बॅकअप होता, पण तो त्याच टेबलावरच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि पाणी टेबलाच्याही वर गेलं.

पूर सोडा, रोजचीही एक अडचण आहे. घरगुती ब्रॉडबँडवर बहुतेक वेळा तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता, मिळत नाही. कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागं बसवते, याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या अपार्टमेंटच्या खाली एकच पत्रपेटी असावी आणि फ्लॅट नंबर लिहायची सोय नसावी, तसं. तुम्ही पाठवलेलं पत्र जातं, पण बाहेरून आपणहून आलेलं पत्र कुठल्या मजल्यावर न्यायचं ते पोस्टमनला कळत नाही. सर्व्हरचं तर कामच बाहेरून आलेली पत्रं घेण्याचं.

तपासायचं कसं: राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा, मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधा. दोन्ही आकडे वेगळे असले, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असला, तर तुम्ही सीजीनॅटमागं आहात. यावर तीन उपाय आहेत. कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, विकत घ्या. किंवा क्लाउडफ्लेअर टनेलसारखी सेवा वापरा. ती चालते, पण तुमची सगळी वाहतूक त्यांच्या दारातून उघडी होऊन जाते, हे माहीत असू द्या. किंवा सरळ व्हीपीएस, म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या मोठ्या कॉम्प्युटरचा एक वाटा, भाड्यानं घ्या. आयपीव्ही६ वर, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, विसंबू नका. तुमच्याकडं असलं तरी समोरच्या सर्व्हरकडं नसेल तर भेट होत नाही.

नवख्यानं व्हीपीएसच घ्यावा. २ जीबी रॅम, ४० जीबीच्या आसपास डिस्क, डेटा सेंटर मुंबईतलं मिळालं तर उत्तम. आम्हाला महिन्याला ४५० रुपये पडतात. अकरा जण माणशी ५० काढतात, भिशीसारखे. उरलेल्यातून वर्षाचं डोमेन निघतं आणि एखादी मिसळही. शक्यतो यूपीआयनं पैसे घेणारी कंपनी निवडा. परदेशी कंपनीचं महिन्याचं बिल भारतीय कार्डावरून आपोआप कापलं जाताना अडतं, आपल्याला पत्ता लागत नाही, आणि एक दिवस सर्व्हर बंद सापडतो.

कुठलं सॉफ्टवेअर

पुरानंतर मी १ जीबीच्या व्हीपीएसवर मॅस्टोडॉन बसवायला गेलो. ही दुसरी आपटी. मॅस्टोडॉन म्हणजे एक प्रोग्राम नव्हे, बिऱ्हाड आहे: रूबीवर चालणारा वेब भाग, पोस्टग्रेस डेटाबेस, रेडिस, पार्श्वभूमीची कामं उपसणारा साइडकिक, वर थेट प्रवाहासाठी नोडचा वेगळा भाग. १ जीबीत हे मावत नाही. बसवतानाच मेमरी संपून प्रक्रिया मरायची, मी पुन्हा चालू करायचा, पुन्हा मरायची. पहाटे तीनला मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "भावा, अकरा जणांच्या चहाला लग्नातलं पातेलं कशाला काढतोस?"

तेव्हापासून आम्ही गोटूसोशल वापरतो. गो भाषेत लिहिलेला एकच प्रोग्राम, लहान सर्व्हरांसाठीच बांधलेला, रॅम थोडी खाणारा. त्याला स्वतःचं टाइमलाइन दाखवणारं वेब पान नाही, हे ऐकून लोक दचकतात. पण तो मॅस्टोडॉनच्याच पद्धतीनं ॲपांशी बोलतो, त्यामुळे अँड्रॉइड फोनवर टस्की किंवा आयफोनवर फेडीटेक्स्ट, आणि कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये फॅनपी उघडलं की झालं. एका पोस्टमध्ये मॅस्टोडॉनच्या नेहमीच्या ५०० ऐवजी ५००० अक्षरं मिळतात. सामन्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या आमच्या मास्तरांना तेवढीही कमी पडतात.

ब्लूस्काय हे आणखी एक सोशल नेटवर्क वेगळ्या नियमावर, एटी प्रोटोकॉलवर, चालतं. तिथंही तुमचा डेटा ठेवणारा छोटा सर्व्हर, म्हणजे पीडीएस, स्वतः चालवता येतो. फेब्रुवारी २०२४ पासून ते दार उघडलं. तिथं ओळख सर्व्हरला बांधलेली नसते, त्यामुळे घर बदलणं सोपं, हे मान्य करायला हवं. पण पोस्टा गोळा करून दाखवणारी मोठी यंत्रणा अजून मुख्यतः त्या कंपनीच्याच हातात आहे. आपली तालीम आपली, पण मैदान दुसऱ्याचं. मला ते रुचलं नाही, तुम्हाला रुचू शकेल.

बसवणं

आता प्रत्यक्ष काम. यातही सोपा रस्ता आहे: यूनोहोस्ट. डेबियन लिनक्सवर बसणारी ही फुकट, मुक्त व्यवस्था सर्व्हरला ब्राउझरमधलं एक पॅनेल देते, आणि त्यातून ॲपं फोनवर घ्यावीत तशी घेता येतात. वेब सर्व्हर, फायरवॉल, पासवर्डचे अंदाज मारणाऱ्यांना रोखणारी यंत्रणा, सुरक्षा प्रमाणपत्रं, हे सगळं ती आपणहून लावते. हेच हातानं करायला मला पूर्वी दोन आठवडे लागले होते. जाणकार लोक नाक मुरडतात की अशानं शिकायला मिळत नाही. त्यांना मुरडू दे. सायकल शिकायला आधी चेन बनवावी लागत नाही.

व्हीपीएस घेताना ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून डेबियन निवडा. उबुंटूवर यूनोहोस्ट बसत नाही. डेबियनची कुठली आवृत्ती लागते ते यूनोहोस्टच्या संकेतस्थळावर त्या दिवशी बघा. बारावी यूनोहोस्ट डेबियन १२ वर चालते. कंपनी तुम्हाला आयपी पत्ता आणि रूटचा, म्हणजे सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड देईल.

लगेच डोमेन विकणाऱ्याच्या पानावर जा आणि डीएनएसमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या आयपी पत्त्यावर आहे हे सांगणाऱ्या वहीत, दोन नोंदी (ए रेकॉर्ड) टाका: एक मुख्य डोमेनचा, एक उपडोमेनचा, दोन्ही त्याच आयपीकडं. हे आधी करायचं, कारण ते पसरायला थोडा वेळ लागतो. तोवर चहा.

मग आपल्या कॉम्प्युटरवरून एसएसएचनं, म्हणजे लांबून सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीनं, सर्व्हरमध्ये शिरा. विंडोज १० आणि ११ मध्ये पॉवरशेलमधूनच होतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. आत गेल्यावर यूनोहोस्टच्या संकेतस्थळावर व्हीपीएससाठी दिलेली एक ओळ आहे, ती जशीच्या तशी चिकटवा आणि एंटर मारा. ती ओळ मी इथं देत नाही, कारण जुन्या लेखातून उचललेल्या आज्ञा रूटच्या अधिकारानं चालवणं ही घातक सवय आहे. नेहमी मूळ ठिकाणाहून घ्या.

पंधरा-वीस मिनिटांनी काम संपेल. आता ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता टाका. 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा येईल. अजून खरं प्रमाणपत्र नसल्यामुळे तो येतो, या एका वेळेपुरतं पुढं जा. मुख्य डोमेन विचारेल ते द्या, पहिला वापरकर्ता बनवा, लांबलचक पासवर्ड ठेवा. यानंतर रूटच्या नावानं बाहेरून आत जाता येत नाही. आपण काहीतरी मोडलं असं वाटेल, तसं नाही. नव्या वापरकर्त्याच्या नावानं जायचं.

पॅनेलमध्ये 'निदान' असा विभाग आहे, तो चालवा. इथं नवखा माणूस घाबरतो, कारण ईमेलच्या रकान्यात लाल खुणा दिसतात: २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे ईमेलचं दार, बंद, उलटा डीएनएस जुळत नाही. बहुतेक व्हीपीएस कंपन्या स्पॅमच्या भीतीनं ते पोर्ट बंदच ठेवतात. तुम्हाला सर्व्हरवरून ईमेल चालवायचा नाहीये, तेव्हा त्या खुणांकडं दुर्लक्ष करा. वेबच्या आणि डीएनएसच्या रकान्यात मात्र हिरवं दिसेपर्यंत पुढं जाऊ नका.

डोमेनांच्या यादीत उपडोमेन जोडा, आणि दोन्ही डोमेनांसाठी लेट्स एनक्रिप्टचं, म्हणजे फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र घ्या. एक बटण आहे. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण यूनोहोस्ट आपणहून करतं. चुकलं तर पुन्हापुन्हा बटण दाबत बसू नका, ठरावीक अपयशांनंतर ते तासभर दार लावून घेतात. डीएनएस तपासा, मग दाबा.

आता ॲपांच्या यादीत गोटूसोशल शोधा, उपडोमेन निवडा, व्यवस्थापकाचं नाव, ईमेल, पासवर्ड द्या आणि बसवा. डोमेनच्या चौकटीत दोनदा वाचून मगच पुढचं बटण. वर सांगितलेलं 'आयुष्यभर' इथं सुरू होतं.

फोनवर टस्की उघडा, सर्व्हरचं नाव टाका. लॉगिनच्या पानावर वापरकर्त्याचं नाव नको, ईमेल आणि पासवर्ड लागतो. आमच्या अकरापैकी सात जणांनी यावरून मला फोन केला. नोंदणी सगळ्यांसाठी बंदच ठेवा. मित्रांची खाती टर्मिनलमधून, म्हणजे एसएसएचच्या त्याच खिडकीतून, माणशी एकेक आज्ञा चालवून बनवता येतात, गोटूसोशलच्या माहितीपुस्तिकेत ती आहे.

पहिली संध्याकाळ रिकामी असते

लॉगिन झालं आणि समोर पांढरं पान. कोणी नाही, काही नाही. अर्धे लोक इथं सोडून जातात, म्हणून थोडं थांबून सांगतो. तुमचा सर्व्हर जगातल्या सगळ्या पोस्टा ओढून आणत नाही. त्याच्याकडं फक्त त्यांच्याच पोस्टा येतात, ज्यांना तुमच्यापैकी कोणीतरी फॉलो केलंय. फॉलो करण्याआधीच्या जुन्या पोस्टाही बहुधा येत नाहीत. एखाद्याचं पान रिकामं दिसलं तर तो माणूस मुका आहे असं समजू नका, त्याच्या सर्व्हरवर जाऊन बघा. हॅशटॅगचंही तसंच: शोध तुमच्या सर्व्हरनं आजवर जे पाहिलंय त्यातच होतो.

म्हणून पहिल्या संध्याकाळी शोधाच्या चौकटीत ओळखीच्यांचे पूर्ण पत्ते टाकून पन्नासेक जणांना फॉलो करा. त्याआधी स्वतःचं चित्र लावा आणि दोन ओळी ओळख लिहा. कोऱ्या पाटीला कोणी जवळ करत नाही. पोस्टची भाषा मराठी अशी निवडा, कारण पुष्कळ लोक भाषेनुसार गाळून वाचतात, आणि इंग्रजी अशी खूण असलेली मराठी पोस्ट कोणाच्याच पानावर नीट जात नाही. गोटूसोशलवर नवं खातं कुलूपबंद असतं, म्हणजे कोणी फॉलो केलं तर तुमची मंजुरी लागते. ते विसरलात तर विनंत्या महिनाभर पडून राहतील. माझ्या राहिल्या होत्या.

चाचणीसाठी दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर खातं असलेल्या मित्राला तुमचा पूर्ण पत्ता शोधायला सांगा. तुम्ही दिसलात, त्यानं फॉलो केलं, तुमची पुढची पोस्ट त्याला पोचली आणि त्याचं उत्तर तुम्हाला आलं, म्हणजे सर्व्हर चालू झाला. दिसलाच नाहीत तर दहापैकी नऊ वेळा डीएनएस किंवा प्रमाणपत्रात घोळ असतो.

बॅकअप, आणि तो कुठं

पुरात माझ्या पोस्टा गेल्या याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. गंमत पुढं झाली. त्याच डोमेनवर, त्याच नावानं मी पुन्हा सर्व्हर उभा केला आणि लिहायला लागलो. कोणाचं उत्तर नाही. तीन आठवड्यांनी कळलं की माझे फॉलोअर समजत होते ते मला फॉलो करतायत, पण ती यादी माझ्या डेटाबेसबरोबर वाहून गेलेली. माझ्या नव्या सर्व्हरला पोस्ट कोणाकडं पाठवायची हेच ठाऊक नव्हतं. वर किल्लीही नवी, म्हणून काही सर्व्हर सही जुळत नाही असं म्हणून मला हाकलत होते.

तेव्हा बॅकअप म्हणजे डेटाबेस, त्यातच किल्ल्या आणि फॉलोअर. फोटो गेले तर गेले. यूनोहोस्टच्या पॅनेलमध्ये बॅकअपचं बटण आहे, पण त्यानं बनलेली फाइल त्याच सर्व्हरच्या डिस्कवर राहते. ती उतरवून घ्या. माझी एक प्रत घरी असते आणि एक पुण्याला बहिणीच्या कपाटात पेनड्राइव्हवर. पंचगंगा अजून तरी पुण्याला पोचलेली नाही.

परत उभं करण्याची तालीमही एकदा करा. तासाच्या भाड्यानं दुसरा व्हीपीएस घ्या, त्यावर बॅकअप चढवा, सगळं दिसलं की लगेच बंद करून टाका. एकाच नावाचे दोन सर्व्हर एका वेळी बाहेरच्यांशी बोलायला लागले तर नवाच गोंधळ.

महिन्यातून एकदा अपडेट बघा. आधी बॅकअप, मग अपडेट. नवी आवृत्ती पहिल्यांदा चालू होताना डेटाबेसची मांडणी बदलत असते, कधी त्याला बराच वेळ लागतो. अडकलं असं समजून मध्येच बंद केलंत तर खरंच अडकेल. डिस्कची फार चिंता नको: बाहेरून आलेली चित्रं गोटूसोशल ठरावीक दिवसांनी, मूळ सेटिंगनुसार ७ दिवसांनी, काढून टाकतो, आणि लागली तर पुन्हा आणतो.

सर्व्हरच्या, डोमेनच्या आणि बॅकअपच्या किल्ल्या किमान दोघांकडं हव्यात. मला डेंग्यू झाला तेव्हा दहा दिवस सर्व्हर देवाच्या भरवशावर होता.

वस्तादाचं काम

तालमीत वस्ताद असतो. इथं तो तुम्ही. अकरा मित्रांत भांडण झालं तर ते कट्ट्यावर मिटतं, तो प्रश्न नाही. प्रश्न बाहेरचा आहे. तुमच्यापैकी कोणी एखाद्याला फॉलो केलं की त्यानं पुढं ढकललेली चित्रं तुमच्याही डिस्कवर येतात, आणि काही सर्व्हर द्वेष, छळ आणि बेकायदा चित्रांसाठीच चालतात. त्यांना दारातच अडवा. गोटूसोशलच्या सेटिंगमध्ये पूर्ण डोमेन ब्लॉक करता येतं, आणि इतर व्यवस्थापकांनी बनवलेली तयार यादीही एकदम चढवता येते. यादी डोळे झाकून घेऊ नका, चाळा. कोणाकोणाची वैयक्तिक भांडणंही त्यात शिरलेली असतात. फक्त शाळेच्या बॅचसाठी सर्व्हर असेल तर उलटी सोयही आहे: परवानगी दिलेल्या सर्व्हरांशीच बोलायचं, बाकी जग बंद.

अनोळखी लोकांना खाती द्यायचा विचार आला तर आधी वकिलाशी बोला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि २०२१ च्या नियमांनुसार दुसऱ्याचा मजकूर ठेवणारा हा मध्यस्थ ठरतो, आणि मध्यस्थाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पत्ता जाहीर करण्यापासून बरंच काही करावं लागतं. बाराव्याला आम्ही अजून घेतलेलं नाही त्याचं कारण हे नाही, पण त्याला सांगताना मी हेच सांगतो.

बंद करायची वेळ आली तर

आज उभा करताना याचा विचार कोणी करत नाही. सर्व्हर गुंडाळायचा असेल तर प्रत्येकानं आधी दुसऱ्या सर्व्हरवर नवं खातं काढायचं, त्या नव्या खात्यात जुन्याचा पत्ता 'उपनाव' म्हणून नोंदवायचा, आणि मग जुन्या खात्यातून स्थलांतराचं बटण दाबायचं. फॉलोअर आपोआप नव्या घरी येतात, पोस्टा येत नाहीत. हा निरोप जुना सर्व्हरच सगळ्यांना देतो, त्यामुळे तो चालू असतानाच हे उरकायला हवं. नंतरही महिनाभर तो चालू ठेवा, कारण काही सर्व्हर झोपलेले असतात आणि त्यांना निरोप उशिरा पोचतो.

आणि डोमेन लगेच सोडू नका, दोन-तीन वर्षं भाडं भरत राहा. मी ते ९९ रुपयांचं नाव सोडून दिलं. ते कोणीतरी उचललं. मामांच्या दुकानाच्या पावत्यांवर तो पत्ता अजून छापलेला आहे, आणि परवा एका गिऱ्हाइकानं तो उघडला तर तिथं ऑनलाइन रमी लागली. मामांनी उरलेली पावतीपुस्तकं काढली आणि प्रत्येक पानावरचा पत्ता मला काळ्या पेनानं खोडायला बसवलं.